भुलीत बोललो तर

डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तसे आमचे हे टेबलावरून वीतभर उडाले, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. कणकवलीचं हॉस्पिटल, दाराबाहेर पेशंटांची ही गर्दी, आणि हे आढ्याकडे बघत पडलेले. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, पिशवी सुजून टम्म झालीय, आत पू धरलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती फुटली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, आजच दाखल व्हा, उद्या सकाळी काढून टाकू, म्हणाले.

ह्यांनी शर्टाची बटणं लावली आणि एकदम ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "डॉक्टर, भूल दिल्यावर माणूस बोलतो का?"

डॉक्टर हसले. "भुलीत नाही बोलत. बाहेर येताना काहीजण बडबडतात. परवा एक आजोबा सुनेच्या नावाने ओरडत होते. आम्ही मनावर घेत नाही."

"म्हणजे बोलतो."

"एखादा."

"मग मला आधी परवानगी घ्यावी लागेल," हे म्हणाले, चपला पायात सरकवल्या आणि सरळ बाहेर.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. कसली परवानगी? काय सांगणार, कपाळ! मी गोळ्यांची पिशवी उचलली आणि ह्यांच्या मागे धावले. घरापर्यंत सगळ्या वाटेवर मी गाडीत बोलत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. तुमच्या ऑफिसात मरायला परवानगी लागत नाही वाटतं, असंही म्हणून झालं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. ह्यांनी नाही.

हे निवृत्त होऊन वर्षं झाली, पण ह्यांचं ऑफिस म्हणजे काय ते सांगायला हवं. म्हणजे मला ठाऊक आहे तेवढं, तेही बाहेरून गोळा केलेलं. हे नौदलात भरती झाले तेव्हा सगळं सरळ होतं. बोट, बंदर, सुट्टी. मग सीमेवर लढाई झाली, माणसं गेली, आणि दिल्लीत समिती बसली. तेव्हा कळलं की भूदलाची खबर भूदलाच्या पेटीत, नौदलाची नौदलाच्या, विमानवाल्यांची त्यांच्या, आणि कोणी कोणाला पेटी उघडून दाखवत नाही. आमच्याकडे एका घरात तीन भाऊ तीन चुली मांडतात ना, तसं. त्या चुली एक करायच्या ठरल्या आणि लष्करी गुप्तवार्तेचं नवं खातं उभं राहिलं. एवढं पेपरात आलं होतं, म्हणून मला माहीत. त्या खात्यात ह्यांना उचलून नेलं, मुख्य साहेबांच्या बाहेरच्या खोलीत बसवलं, आणि तेव्हापासून 'सांगता येत नाही' हे एक जास्तीचं माणूस आमच्या घरात राहायला आलं. गावाला सांगायचं काय, तर नौदलाच्या गोदामात कारकून.

त्या खात्याच्या साहेबांचा इतिहास दिल्लीत कोणी लिहून ठेवला असेल तर असो. मी तो माझ्या स्वयंपाकघरातून सांगू शकते. खुर्ची तिन्ही दलांत फिरायची, आणि साहेब बदलला की माझ्या घरातलं वारं बदलायचं. पहिल्या साहेबांना शिस्तीचं वेड. खातं नवीन, तीन दलांची माणसं एकमेकांकडे सवतीसारखी बघणारी, त्यांना सरळ करता करता त्या माणसाने सगळ्यांच्या सुट्ट्या गिळल्या. हे चतुर्थीलासुद्धा आले नाहीत. दुसरे साहेब विमानवाले आणि दिलदार. बायकापोरं इकडे आणा म्हणाले. मी गेले, थंडीत कुडकुडले, तिथल्या बर्फातल्या माशाला नाक मुरडलं आणि परत येऊन माझी खानावळ उघडली. तिसऱ्या साहेबांना कुठलंही प्रकरण असो, एका पानात हवं. त्यांच्या काळात हे सुट्टीवर आले तरी तसंच बोलायचे. सार कसं झालंय? "बरां. मीठ कमी." संपला अहवाल.

चौथे साहेब गप्पिष्ट. फोनवर एकदा माझ्याशीही बोलले होते, कोकमाची सोलं पाठवल्याबद्दल आभार मानायला. त्यांच्याच काळात सीमेवर पुन्हा काहीतरी तापलं, आणि नेमके तेव्हाच माझे सासरे गेले. निरोप पाठवला. अंगणात सगळा गाव उभा, मोठे दीर रस्त्याकडे बघतायत, आणि ह्यांचा पत्ता नाही. शेवटी दिरांनीच अग्नी दिला. हे आले ते कार्य उरकल्यावर, गालफडं बसलेली, डोळे लाल. खंय होतात, मी विचारलं. सांगता येत नाही. दीर मरेपर्यंत ह्यांच्याशी धड बोलले नाहीत. गावात अजून ती गजाल निघते, आणि निघाली की हे उठून आत जातात.

तर असा हा माणूस. कणकवलीहून आल्या आल्या ह्यांनी दिल्लीला फोन लावला. उभं राहून, शर्ट खोचून! पलीकडचा माणूस ह्यांना ओळखेना. ह्याने त्याच्याकडे दिला, त्याने आणखी कोणाकडे. ह्यांची शाखाच आता त्या नावाने राहिली नव्हती. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणाला, अहो, तुम्ही निवृत्त आहात, खुशाल इलाज करून घ्या आणि बिलं पाठवा. हे म्हणाले, बिलाचा प्रश्न नाही, प्रश्न असा आहे की... आणि फोन बंद झाला.

मला वाटलं, सुटलो. इलाज करून घ्या म्हणाला ना तो? पण छे! गुप्त खात्यातल्या माणसाला साधी गोष्ट साधी वाटली तर शपथ.

"उघड्या फोनार तो दुसरां काय सांगतलो?" हे म्हणाले. "बिलां पाठवा म्हणालो, म्हणजे कळलां तेका. आता कोणतरी येतलो."

"कोण येतलो?"

"ऑपरेशनाच्या वेळेक आत बसाक."

मग आमच्या खानावळीत जो कोणी एकटा माणूस जेवायला आला, तो दिल्लीहून आलेला. पर्यटकांचे दिवस, रोज नवी तोंडं. हे पोट धरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि येणाऱ्याचे बूट बघायचे. एक बारीक केस कापलेला, ताठ बसणारा माणूस सुरमईची थाळी खात होता. हे उठले, त्याच्यासमोर जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी तयार आहे. तुम्ही सांगाल तेव्हा." त्या माणसाचा घास घशात अडकला. इचलकरंजीचा कापड व्यापारी होता तो बिचारा! मी त्याला सोलकढी पाजली, माफी मागितली. तो गेल्यावर ह्यांना म्हटलं, आता पुरे. हे म्हणाले, "व्यापारी म्हणानच सांगतले ते."

हसू की रडू? पहाटे हे अंगणात फेऱ्या मारायचे, तुळशीपासून माडापर्यंत, माडापासून तुळशीपर्यंत, एक हात कुशीवर. गोळ्यांनी ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. डोळ्यांत पिवळसर झाक दिसायला लागली होती. मला घरात बसवेना आणि बाहेर उभं राहवेना. भाजी चिरताना सुरी टाकून उठायचे, बघून यायचे, फेऱ्या चालू आहेत, म्हणजे माणूस जिवंत आहे. रागाने नुसती फणफणत होते मी, आणि रागाखाली भीती होती. डॉक्टरांचं ते 'फुटली तर' कानातून जात नव्हतं.

शेवटी देवळात गेले. आमच्याकडे अडलं नडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. ते आपलं आपण मनात पुटपुटून भागत नाही. मानकरी उभे राहून खड्या आवाजात देवाला सगळं सांगतात आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला होकार देतो. मानकऱ्यांनी विचारलं, काय म्हणान घालू? मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, हे ऑपरेशनला तयार होऊ देत, सुखरूप घरी येऊ देत, आणि भुलीत ह्यांच्या तोंडातून ऑफिसातलं काही बाहेर पडू नये. देवासमोर आडपडदा कसला ठेवायचा? मानकऱ्यांनी तर तो मुळीच ठेवला नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्यां तुजां लेकरू सरकारच्या गुप्त खात्यात नोकरी करून घराक इलां आसा. तेच्या पोटाचां आपरेशन आसा. तां करून घेवची बुद्धी तेका दी. भुलीत तेच्या तोंडातसून सरकारचां एकव गुपित भायर पडता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. हे फेऱ्या थांबवून दारात उभे.

"माजां गुपित राखूक सांगलंस, तां पण गावाक?"

"देवाक सांगलंय मी."

"आनी देवाच्या भोवताली कोण होतां?"

मी पण चिडले होते. म्हटलं, तुमी मेल्यार गावच येतलो खांदो देवक, दिल्ली येवची नाय. हे माडाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मासे घ्यायला गेले तर बायकांनी नुसतं भंडावून सोडलं. अगो, तुजो घोव हेर मगे? अगो, आमच्यार पण नजर ठेय होतो काय? नवऱ्यावरून थट्टाच ती, पण मी सोसायच्या मनःस्थितीत नव्हते. माझ्या खानावळीला मासे देणारी माझी जुनी मैत्रीण तेवढी गप्प होती. तिने मला होडीच्या आडोशाला नेलं आणि मोबाइल पुढे धरला.

"माज्या सुनेन सोदून काडल्यान. तुज्या घोवाच्या खात्याचो सायब हो. बघ कसो गजाली मारता तो."

मोठ्या सोफ्यावर चौथे साहेब बसलेले. केस पांढरेशुभ्र, पण हसणं फोनवर ऐकलेलं तेच, त्यावरून मी ओळखलं. तोंडासमोर कणसाएवढा माइक, समोर एक तरुण मुलाखत घेणारा. आणि साहेब सांगत होते. सगळं सांगत होते! खातं कसं जन्मलं, आधी कोणी विरोध केला, खुर्चीसाठी तिन्ही दलांत कशी ओढाताण झाली, कोणत्या साहेबाचं कोणाशी पटत नव्हतं, मंत्री काय म्हणाले, आपण काय उत्तर दिलं. गंमत सांगितल्यासारखं, मांडीवर थाप मारत. मग सीमा तापली होती त्या दिवसांवर गाडी आली. साहेब म्हणाले, मी तेव्हा ऑफिस सोडलंच नाही. माझ्या दाराबाहेर एक कोकणातला पोरगा बसायचा. काय त्याचा चहा! मी डोळे मिटले की कप हजर. त्या पोराच्या चहावर मी ते दिवस काढले.

पोरगा! तेव्हा ह्यांना टक्कल पडायला लागलं होतं.

"ते तुजे घोव ना?" मैत्रिणीने विचारलं. मी मान हलवली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण तिच्या तोंडून निघून गेलं, "बापाक अग्नी देवक येवक नाय, आनी थंय चाय करी होतो?" होडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं. थट्टा थांबली. त्या सगळ्या गप्प झाल्या ते मला जास्त लागलं.

तो मोबाइल घेऊन मी निघाले आणि वाटेत परत फिरले, पुन्हा निघाले. दाखवू की नको? साहेबाने स्वतःच पोतं उपडं केलंय म्हटल्यावर ह्यांच्याकडे राखायला उरलं काय? हे बघतील तर ऑपरेशनला उभे राहतील. पण त्या चहाचं काय? तो ऐकून हा माणूस आतून मोडेल, हे मला कळत होतं. न दाखवावं तर पिशवी फुटेल. देवाकडे बुद्धी मागितली होती ती ह्यांच्यासाठी, पण गरज मलाच पडली. शेवटी म्हटलं, मोडलेला नवरा चालेल, मेलेला नको.

साहेब दिसताच हे सरळ उभे राहिले. खरंच उभे राहिले, मोबाइलसमोर. मग हळूहळू खुर्चीत बसले. मध्येच एकदा स्वतःशी म्हणाले, "हे सांगायचं नव्हतं." चहाचा भाग आला तेव्हा मी अंगणाकडे बघत राहिले, माझ्याने त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मुलाखत संपली आणि केसांच्या तेलाची जाहिरात लागली. हे तीही बघत होते.

"तुमी चाय करी होतात?" मी विचारलं.

"नाय."

"मगे काय करी होतात?"

ह्यांनी तोंड उघडलं. खरंच वाटलं, आता सांगतील. ओठ हलले, मग मिटले. "सांगूक येणा नाय."

माझा तोल गेला. "अवो, तो सायब सगळ्या जगाक सांगता! तेका लाज नाय, आनी तुमी बायलेक सांगूक नाय?"

"तो सायब आसा. तेणी काय सांगूचां तां तो ठरयता. माका कोणी 'सांग' म्हणान सांगूक नाय."

मी रडले, सरळ मोठ्याने रडले. त्या साहेबाला पाठवलेल्या प्रत्येक सोलाची मला चीड आली. हे कूस दाबत उठले, घामाने डबडबलेले.

"चल. कपडे भर. कणकवलेक जावया."

"ऑपरेशनाक तयार आसात?"

"व्हय. आता कसली भीती? चायवाल्याच्या तोंडातसून काय भायर पडतलां? चायची पावडर?"

इतके दिवस ह्या एका होकारासाठी मी तडफडत होते, आणि तो असा मिळाला. मी पिशवीत टॉवेल, लुंगी कोंबली. त्या क्षणी तो साहेब समोर असता तर मी त्याच्या पांढऱ्या केसांचीही भीड ठेवली नसती.

डॉक्टर रागावले, पण वेळ घालवला नाही. ह्यांना आत नेताना मी चाकाच्या खाटेबरोबर धावले. हे म्हणाले, "बिलां जपान ठेव," आणि दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर मी बसले, उठले, पाणी प्याले, परत बसले. मसुऱ्याची एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणासाठी आली होती, तिने मला गूळ-खोबरं दिलं, ते हातातच राहिलं. दाराचा कर्र आवाज झाला की मी उठून उभी. कोणी दुसऱ्याचंच नाव पुकारायचं.

डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढत. पिशवी आतल्या आत कुजायला लागली होती म्हणाले. धोका टळलाय, पण माणूस कशाची वाट बघत होता हो? मी नुसते हात जोडले.

मग मला आत सोडलं. चार खाटांची खोली, प्रत्येक खाटेभोवती नातेवाईक, आणि हे नाकात नळी, हाताला सलाइन, तोंड कोरडं पडलेलं. मी ओल्या कापसाने ओठ पुसले. तेवढ्यात ओठ हलायला लागले. शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. इतकी वर्षं मला जे कळलं नाही, ते आता ह्या अनोळखी माणसांसमोर बाहेर येणार? मी त्यांच्या तोंडाशी वाकले. हात वर नेला होता, गरज पडली तर तोंडावर ठेवायला.

"साब," हे म्हणाले. आवाज स्वच्छ होता, ऑफिसातला. "साब, चाय मैं नहीं लाता था."

मी तशीच थांबले. पुढचं वाक्य येईल, काय करत होतो ते येईल, म्हणून कान देऊन होते. ते आलं नाही. पुन्हा तेच. "चाय मैं नहीं लाता था, साब." सलाइनचा हात मुठीत वळला होता आणि नळीत रक्त चढत होतं. नर्स म्हणाली, मूठ सोडायला सांगा. मी सांगितलं मराठीत, सांगितलं मालवणीत, ह्यांच्यापर्यंत काही पोचेना.

मग मी दिल्लीत शिकलेली होती नव्हती ती हिंदी गोळा केली आणि आवाज जाड केला.

"हां," मी म्हटलं. "मालूम है. तुम क्या करता था, सब मालूम है."

ह्यांच्या कपाळावरची आठी सुटली. मूठ सुटली. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरलं.

"थँक यू, सर," हे मला म्हणाले.